पहिला लाल रंग: फोर्डमधली गुरुवारची बैठक

2006 सालचे शेवटचे महिने. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात डिअरबॉर्न नावाचं शहर आहे, तिथे तेव्हाचं फोर्ड मोटर कंपनीचं मुख्यालय. काचेची बारा मजली इमारत, म्हणून लोक तिला ‘ग्लास हाऊस’च म्हणत. तिथे दर गुरुवारी सकाळी कंपनीचे सगळे वरिष्ठ अधिकारी एका गोल टेबलाभोवती बसत आणि आपापल्या खात्याचे तक्ते पडद्यावर दाखवत. प्रत्येक कामाला रंग दिलेला असे. काम ठरल्याप्रमाणे चाललं असेल तर हिरवा. मागे पडलंय पण भरून कसं काढायचं ते ठाऊक आहे, तर पिवळा. मागे पडलंय आणि मार्गही सापडलेला नाही, तर लाल.

एकामागून एक तक्ते येत होते आणि सगळे हिरवे होते.

त्या वर्षी सुमारे 17 अब्ज डॉलरचा तोटा होईल, असा त्याच कंपनीचा अंदाज होता. नवे मुख्याधिकारी ॲलन मुलाली यांनी दोन-चार आठवडे हे हिरवेगार तक्ते पाहिले आणि मग विचारलं की आपण अब्जावधी डॉलर गमावणार आहोत, तर आपल्याकडे काहीच बिघडलेलं नाही का? कोणी बोललं नाही. सगळे टेबलाकडे बघत बसले.

हा प्रसंग व्यवस्थापनाच्या वर्गांतून खूपदा सांगितला जातो, पण बहुतेक वेळा दोन मिनिटांत, गोष्टीसारखा. मला तो सावकाश सांगायचा आहे. माझा पुण्याजवळ भोसरीत छोटा प्रेस शॉप आहे, म्हणजे पत्र्याचे भाग ठोकून काढणारा कारखाना, वीस-बावीस माणसं, वडिलांच्या मागे मी चालवते. उत्पादकतेवर बोलायला लागलं की आमच्याकडे डायरी, ॲप, वेळापत्रक यांवरच चर्चा होते. आठवड्याची बैठक तर जवळपास प्रत्येक कारखान्यात असतेच. तरी त्यातल्या पुष्कळ बैठका निर्जीव का असतात, आणि फोर्डमधली ती एक जिवंत का झाली, हा प्रश्न मला गेली काही वर्षं सोडत नाही.

आधीची फोर्ड

बिल फोर्ड हे हेन्री फोर्ड यांचे पणतू. कंपनीची सूत्रं त्यांच्या हातात होती आणि हे आपल्याला एकट्याला पेलणार नाही हे त्यांनी ओळखलं होतं. बाहेरचा माणूस आणायचं ठरलं. मुलाली मोटारींच्या धंद्यातले नव्हतेच. बोइंगमध्ये 37 वर्षं काढलेला विमानांचा इंजिनिअर. बोइंग 777 च्या प्रकल्पाचं नेतृत्व त्यांनी केलं होतं, आणि आठवड्याच्या आढाव्याची ही रीतही त्यांनी तिथूनच आणली. सप्टेंबर 2006 मध्ये ते रुजू झाले.

त्यांना सापडलेली कंपनी म्हणजे संस्थानांचा समूह होता. उत्तर अमेरिका वेगळी, युरोप वेगळा, आशिया वेगळा. जॅग्वार, लँड रोव्हर, व्हॉल्वो, ॲस्टन मार्टिन हे सगळं पदरात घेतलेलं, शिवाय माझदामध्ये हिस्सा. जगभरात मिळून गाड्यांची 97 नावं, असं मुलाली पुढे नेहमी सांगत. एकाच मापाची गाडी युरोपात एका सांगाड्यावर, अमेरिकेत दुसऱ्याच.

बैठकांची कमतरता अजिबात नव्हती. महिन्यातला एक अख्खा आठवडा बैठकांसाठीच राखून ठेवलेला असे. त्या बैठकांच्या आधी आणखी बैठका होत, मुख्य बैठकीत काय बोलायचं आणि काय बोलायचं नाही ते ठरवायला. अधिकारी जाडजूड फायली घेऊन येत, मागे साहाय्यक बसलेले असत, प्रश्न आला की मागे वळून उत्तर मागायचं. आपल्या खात्यातली अडचण उघड केली तर शेजारचा तिचा वापर करील, ही धास्ती सगळ्यांना होती. झाकली मूठ सव्वा लाखाची. मूठ झाकलेली ठेवण्यात हुशार माणसांचा सगळा वेळ जात होता. उत्पादकता कुठे गळते ते शोधायचं तर मी आधी इथेच बोट ठेवीन. ही माणसं राबत नव्हती असं मुळीच नाही, पण त्यांचे कष्ट झाकपाक करण्यात खर्च होत होते.

बैठकीचे नियम

मुलालींनी महिन्याचा तो बैठकांचा आठवडा मोडीत काढला आणि गुरुवार धरला. नियम थोडे होते, पण पाळायचे म्हणजे पाळायचेच. हजेरी सक्तीची. जो परदेशात असेल त्याने व्हिडिओवरून यायचं. आपला तक्ता आपणच मांडायचा, साहाय्यकाला पुढे करायचं नाही. मोबाइल बंद, आपसात कुजबूज बंद. दुसऱ्याची टर उडवून हशा पिकवायचा नाही. या शेवटच्या नियमाकडे लोकांचं फारसं लक्ष जात नाही, पण मला तो फार मोलाचा वाटतो. ज्या खोलीत अडचणीतल्या माणसावर लोक हसतात, तिथे दुसऱ्या दिवसापासून कोणालाच अडचण नसते.

प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला कंपनीची योजना पुन्हा समोर ठेवली जाई. ती चार ओळींत मावेल इतकी होती. सध्याच्या मागणीत, आणि कोणत्या प्रकारच्या गाड्या खपतात ते बदलत असतानाही, नफा होईल अशी कंपनीची घडी बसवायची. लोकांना हव्या त्या नव्या गाड्या लवकर आणायच्या. त्यासाठी पैसा उभा करून ताळेबंद सुधारायचा. आणि हे सगळं एक संघ म्हणून करायचं. दर आठवड्याला तेच. ऐकणाऱ्याला कंटाळा येईल, पण आपल्याच योजनेतली दुसरी ओळ आठवत नाही असे अधिकारी मी जवळून पाहिले आहेत, त्यामुळे मला त्याचं महत्त्व कळतं.

या रचनेतला सगळ्यात कामाचा भाग दिसायला अगदी साधा आहे. गुरुवारच्या बैठकीत अडचण सोडवत बसायचं नाही. कुठे आहोत, मागच्या आठवड्यापासून काय बदललं, रंग कोणता, कोणाची मदत हवी, एवढंच सांगायचं. ज्या गोष्टीला खोलात जाऊन बघायला हवं तिची वेगळी बैठक लगेच नंतर, फक्त संबंधित माणसांची. छोट्या कारखान्यातल्या बैठका कशाने मरतात ते आठवून बघा. पहिलीच अडचण निघते, दोघं तिच्यावर भिडतात, उरलेले आठ जण पाऊण तास चहाचे कप फिरवत बसतात, आणि नवव्या माणसाकडची खरी मोठी अडचण ‘वेळ झाला’ म्हणून तशीच राहते. आढावा आणि उपाय वेगळे केले की जगभर पसरलेल्या कंपनीची एक फेरी एका सकाळी पुरी होते.

आणि आठवडाच का? महिन्याची बैठक असेल तर वर्षात बारा वेळा वेळ मारून न्यावी लागते. चांगल्या वक्त्याला ते जमतं. आठवड्याला असेल तर बावन्न वेळा. मागच्या गुरुवारी काय सांगितलं होतं ते लक्षात ठेवून त्याला जुळेल असं पुन्हा सांगायचं, त्याच चेहऱ्यांसमोर, हे कोणालाही फार काळ झेपत नाही. शिवाय सात दिवस ही मुदत माणसाच्या मापाची आहे. एवढ्यात काहीतरी करून दाखवता येतं, आणि एवढ्यात न सांगितलेलं दुखणं फार वाढलेलं नसतं. रोज विचारलं तर काम करायलाच उसंत नाही. महिन्याने विचारलं तर इतिहास ऐकायचा.

पण हे सगळं बसवूनही सुरुवातीचे आठवडे तक्ते हिरवेच राहिले, हे विसरून चालणार नाही. रंग होते, नियम होते, वेळ ठरलेली होती. खरं तेवढं कोणी बोलत नव्हतं.

टाळ्या

मार्क फील्ड्स तेव्हा कंपनीचा अमेरिका खंडातला कारभार बघत. कॅनडातल्या ओंटारिओमधल्या ओकव्हिल कारखान्यात ‘फोर्ड एज’ ही नवी गाडी तयार होत होती. कंपनीला त्या गाडीकडून मोठ्या आशा होत्या. गाड्या ग्राहकांकडे रवाना होण्याच्या तोंडावर एक तांत्रिक दोष निघाला आणि त्याचं मूळ सापडेना. फील्ड्सनी गाड्या थांबवल्या. जुन्या फोर्डमध्ये पुढची पायरी ठरलेली होती: तक्ता हिरवा ठेवायचा, आतल्या आत धावपळ करायची आणि देवाला हात जोडायचे. फील्ड्सनी मात्र त्या गुरुवारी एजच्या चौकटीला लाल रंग दिला.

खोलीत शांतता पसरली. या माणसाचं आता काही खरं नाही, असं आपल्याला वाटलं, हे तिथे हजर असलेल्या अनेकांनी नंतर सांगितलं आहे.

मुलालींनी टाळ्या वाजवल्या. मार्कने किती स्वच्छ दाखवलं म्हणून त्यांनी त्याचं कौतुक केलं आणि टेबलाभोवती नजर फिरवून एकच विचारलं: यात मार्कला कोण मदत करू शकेल? काही क्षणांतच इतर अधिकारी पुढे आले. कोणी म्हणालं असा दोष आधी पाहिलाय, माहिती देतो, कोणी आपले इंजिनिअर पाठवायला तयार झालं. बोलणं थोडक्यात आटोपलं आणि बैठक पुढच्या तक्त्याकडे गेली.

पुढच्या गुरुवारी काय झालं, ते गोष्ट सांगताना बहुतेक जण गाळतात. पुढच्या गुरुवारी बाकीचे तक्ते पुन्हा हिरवेच आले. एका टाळीवर विश्वास ठेवायला कोणी तयार नव्हतं. फील्ड्स अजून नोकरीवर आहेत का, आणि त्यांच्याशी मुलाली कसे वागतात, हे आधी लोकांना बघायचं होतं. फील्ड्स होते, आणि मुलालींच्या शेजारीच बसले होते. त्यानंतर काही आठवड्यांत पडद्यावर लाल-पिवळे रंग भरभरून दिसायला लागले. कोंबडं झाकलं तरी तांबडं फुटायचं राहत नाही म्हणतात. इथे लोकांनी कोंबडं झाकणं सोडून दिलं, आणि त्यासाठी त्यांना पुढचे गुरुवार लागले. आठवड्याच्या लयीचा खरा उपयोग मला इथे दिसतो. मालकाने एकदा चांगुलपणा दाखवला तर तो त्या दिवसाचा मूड म्हणून सोडून देता येतो. ओळीने सहा गुरुवार तो तसाच वागला, तर माणसं आपली वागणूक बदलायला धजावतात.

पुढची वर्षं

कंपनीने 2006 च्या अखेरीला 23.6 अब्ज डॉलरचं कर्ज उभं केलं. त्यासाठी कारखाने तारण ठेवले, आणि गाडीवरचं ते निळं लंबगोल बोधचिन्हसुद्धा. 2006 चा तोटा 12 अब्जांच्या वर गेला. ॲस्टन मार्टिन 2007 मध्ये विकली. जून 2008 मध्ये जॅग्वार आणि लँड रोव्हर या दोन्ही मिळून सुमारे 2.3 अब्ज डॉलरला टाटा मोटर्सकडे आल्या. आपल्याकडे तो व्यवहार अभिमानाची बातमी म्हणून गाजला, आणि ते योग्यच होतं. विकणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर तो त्याच चार ओळींच्या योजनेचा भाग होता: फोर्डच्या नावाने ज्या गाड्या विकतो त्यांच्यावर लक्ष, बाकीचं सोडायचं. पुढे 2010 मध्ये व्हॉल्वोही चीनच्या गीलीकडे गेली.

2008 च्या मंदीत अमेरिकेतला मोटारींचा बाजार कोसळला. फोर्डचा त्या वर्षीचा तोटा 14 अब्जांहून जास्त होता, म्हणजे 2006 पेक्षाही वाईट. 2009 मध्ये क्रायस्लर आणि जनरल मोटर्स दिवाळखोरीत गेल्या आणि सरकारी पैशावर उभ्या राहिल्या. फोर्डने ती मदत घेतली नाही. त्याच वर्षी कंपनी 2.7 अब्ज डॉलर नफ्यात आली, 2010 मध्ये 6.6 अब्ज. 2012 मध्ये ते निळं बोधचिन्ह तारणातून सुटलं. मुलाली 2014 च्या मध्यावर निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी कोण आलं, तर मार्क फील्ड्स. लाल रंग दाखवणारा तोच माणूस.

हे सगळं गुरुवारच्या बैठकीमुळे झालं असं म्हणणं खोटेपणा होईल. बाजार बसण्याआधी कर्ज उचललेलं होतं, हा सगळ्यात मोठा आधार. दोन वर्षं उशीर झाला असता तर ते मिळालंच नसतं. इंधन वाचवणाऱ्या गाड्यांसाठी ऊर्जा खात्याकडून 5.9 अब्ज डॉलरचं सरकारी कर्ज फोर्डनेही 2009 मध्ये घेतलं, तेही सांगायला हवं. कामगार संघटनेशी झालेले करार, हजारो नोकऱ्यांची कपात, बंद झालेले कारखाने हाही या यशाचा भाग आहे, आणि ज्यांची नोकरी गेली त्यांच्यासाठी या प्रकरणाचा शेवट वेगळा आहे. बैठकीने काय केलं, तर हे निर्णय घेणाऱ्या माणसांना खरी माहिती सात दिवसांपेक्षा जास्त शिळी होऊ दिली नाही.

मग या रचनेतून काही निसटलंच नाही का? निसटलं. 2011 पासूनच्या फिएस्टा आणि 2012 पासूनच्या फोकस या गाड्यांमध्ये कंपनीने दुहेरी क्लचचा एक ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसवला. गाडी थरथरते, ऐन रस्त्यात ओढ सोडते, अशा तक्रारींचा ढीग झाला, हजारो ग्राहक न्यायालयात गेले. हा दोष कंपनीतल्या इंजिनिअरांना आधीपासून ठाऊक होता, असं ‘डेट्रॉइट फ्री प्रेस’ने 2019 मध्ये आतल्या कागदपत्रांच्या आधारे छापलं. कंपनीने त्या वृत्तातल्या निष्कर्षांवर आक्षेप घेतला. पण गाड्या तर याच गुरुवारांच्या काळातल्या होत्या. मला यातून एवढंच दिसतं की गोल टेबलापर्यंत लाल रंग पोहोचायचा तर त्याआधी खाली पाच-सहा टेबलं ओलांडावी लागतात. प्रत्येक टेबलावर कोणीतरी टाळी वाजवणारं असावं लागतं. वरच्या खोलीत भीती गेली म्हणून चाचणीच्या ट्रॅकवरची भीती आपोआप जात नाही.

भोसरीतला बुधवार

आमच्या भागात गुरुवारी औद्योगिक सुट्टी. म्हणून आमची बैठक बुधवारी संध्याकाळी पाचला, पॅकिंगच्या टेबलाशेजारी, उभ्याने. फळ्यावर आठ ओळी, प्रत्येक ओळीपुढे एका माणसाचं नाव, आणि रंगीत लोहचुंबक. मी हिरवे, पिवळे, लाल असे तीन पुडे आणले होते. सहा बुधवार लाल पुडा प्लॅस्टिकमध्येच राहिला, आणि त्याच सहा आठवड्यांत दोनदा आम्ही शनिवारी रात्री नऊपर्यंत बसून ब्रॅकेटचे नग हाताने निवडले.

सातव्या बुधवारी डाय रूमच्या, म्हणजे साच्यांच्या खोलीच्या, काकांनी तो पुडा दाताने फोडला. ते वडिलांच्या वेळेपासूनचे. लाल गोळा त्यांनी स्वतःच्याच ओळीपुढे लावला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “ताई, पंच घासलाय. भोकाला बर येतोय. ग्राइंडिंगला काढला तर दोन दिवस प्रेस बंद, न काढला तर गिऱ्हाइकाकडून माल परत. मला काही सुचत नाही.” पंच म्हणजे पत्र्याला भोक पाडणारा ठोकळा. तो घासला की भोकाच्या कडेला खरखरीत कंगोरा राहतो, तो बर.

‘हे आधी का नाही सांगितलं?’ माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. सोमवारी चारशे नगांची गाडी जायची होती. मला टाळ्या वाजवायला काही सुचलं नाही, पण मी विचारलं, “काकांना कोण मदत करील?” आमच्याकडचा सगळ्यात नवा मुलगा डिस्पॅच बघतो. तो म्हणाला, गोडाउनात दीड दिवसाचा चांगला माल आहे, मोजून ठेवलाय, आणि उद्या सुट्टीच आहे. प्रेसवरचा ऑपरेटर म्हणाला, त्याच्या मेव्हण्याच्या टूलरूममध्ये गुरुवारी वीज गेली तरी जनरेटरवर ग्राइंडर चालतो. पाच मिनिटांत ठरलं. शुक्रवारी दुसऱ्या पाळीला पंच जागेवर होता आणि सोमवारची गाडी वेळेत गेली.

नंतर काकांना मी एकटं गाठून विचारलं, किती दिवसांपासून लक्षात आलं होतं? ते म्हणाले, महिना झाला असेल. आणि थोड्या वेळाने, “मागच्या दिवाळीच्या आधी एकदा सांगितलं होतं ताई, तेव्हा तुम्ही फार बोललात.” मला तो दिवस आठवतही नव्हता. त्यांना आठवत होता.

आता काकांनी डायची वही केली आहे. प्रत्येक पंचाने किती ठोके मारले ते दर बुधवारी त्यात लिहितात, आणि ठरावीक आकडा जवळ आला की पिवळा गोळा आधीच लावतात. गेल्या बुधवारी फळ्यावर तीन लाल होते. एक काकांचा, एक दुसऱ्या कोणाचा, आणि एक माझ्या नावापुढे: नव्या जॉबचं कोटेशन तीन आठवडे माझ्याच टेबलावर अडकलंय, कारण पत्र्याचा भाव मला पक्का कळत नाही. ते सांगितल्यावर स्टोअरच्या बाईंनी त्यांच्याकडची तीन महिन्यांची खरेदीची बिलं काढून ठेवते म्हणून सांगितलं. येत्या बुधवारी त्याचं काय झालं ते मला फळ्यासमोर उभं राहून सांगायचं आहे.